गाडीचं विचारा: एएफआर मीटर बसवायचा कुठं आणि वाचायचा कसा

या वेळी एएफआर मीटरवरच, म्हणजे इंजिनात हवा आणि जळणाचं मिक्श्चर किती प्रमाणात आहे ते दाखवणाऱ्या मीटरवरच, एवढे प्रश्न आलेत की क्लच, स्टेअरिंग, फिटनेसवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल, रागावू नका.

प्रश्न: माझा छोटा पेट्रोल-सीएनजी ट्रक आहे, डिचोली-म्हापसा रोजचा, आणि अधूनमधून चोर्ला घाटातून बेळगावला किराणा माल आणायला जातो. ऑनलाइन एएफआर मीटर मागवला. त्याच्यासोबत एक सेन्सर, एक लोखंडी जाड नट आणि वायरींचा गुच्छ आलाय. आमचा मेस्त्री म्हणतो नवा सेन्सर कशाला, गाडीच्या सेन्सरच्या वायरलाच जोडून देतो, पाच मिनिटांचं काम. चालेल का तसं? नाहीतर सायलेन्सरला होल मारायचं कुठं? (एक वाचक, डिचोली)

उत्तर: मेस्त्रीला सांगा, त्या वायरला हात लावू नको. छोट्या पेट्रोल गाड्यांत कंपनीचा जो ऑक्सिजन सेन्सर असतो तो बऱ्याचदा नॅरोबँड असतो, म्हणजे त्याला फक्त एवढंच कळतं की मिक्श्चर १४.७ च्या (एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा) अलीकडं आहे की पलीकडं. रिच (पेट्रोल जास्त) असलं की ०.८-०.९ व्होल्ट, लीन (हवा जास्त) झालं की ०.१ च्या आसपास, आणि मधला ०.४५ चा टप्पा तो इतक्या झटकन ओलांडतो की १२.५ चालू आहे की १३.५ हे त्याच्यावरून कळायला मार्गच नाही. त्या वायरवर मीटर जोडलात तर दिवे शिगम्याच्या रोमटासारखे नाचत राहतील, बघायला छान, उपयोग शून्य, आणि वर ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, जाणारा सिग्नल बिघडला तर इंजिनची लाइट पेटणार ती वेगळीच. काही नव्या गाड्यांत कंपनीनंच वाइडबँड (मिक्श्चरचा नेमका आकडा मोजणारा सेन्सर) दिलेला असतो, तिथं तर मध्येच वायर तोडून जोडणं अजिबात नको.

तुमच्यासोबत आलेल्या सेन्सरच्या वायरी मोजा. पाच असतील तर तो वाइडबँड, बहुतेक बॉशचा एलएसयू ४.२ नाहीतर ४.९. चार किंवा कमी असतील तर तुम्हाला नॅरोबँडच विकलाय, परत पाठवा, त्याच्यावर वेळ घालवू नका. आणि कंपनीचा सेन्सर काढून त्याच्या जागी हा बसवू असा विचारही नको, तो ईसीएमचा आहे, त्याला तिथंच राहू दे, आपल्याला दुसरं होल लागणार.

तो लोखंडी नट म्हणजे बंग, त्याचे आटे एम १८ बाय १.५ चे. हरवला तर कुठलाही लेथवाला करून देईल. आता जागा. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला सगळ्या सिलिंडरचे पाइप जिथं एक होतात त्याच्या पुढं दीड-दोन फुटांवर. फार जवळ लावलात तर सेन्सर भाजतो, फार लांब लावलात तर आकडा उशिरा येतो आणि वाटेत कुठं पाइप लीक असेल तर बाहेरची हवा आत जाऊन आकडा खोटा येतो. टर्बो असेल तर टर्बोच्या नंतर, आधी कधीच नाही. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्याच्या, आधी. इथंच छोट्या बीएस६ गाड्यांची अडचण आहे कारण त्यांचा कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच (सिलिंडरचे पाइप एक होतात तो भाग) चिकटवलेला असतो, मध्ये बोट घालायला जागा नाही. मग नाइलाजानं कन्व्हर्टरच्या नंतर लावा, पण लक्षात ठेवा की तिथपर्यंत कन्व्हर्टरनं उरलेला ऑक्सिजन वापरून टाकलेला असतो, आकडा सपाट आणि सुस्त येतो. नजर ठेवायला ठीक, त्याच्यावरून ट्यूनिंग करू नका.

कोन महत्त्वाचा, आणि बहुतेक वेल्डर इथंच घोळ घालतात कारण त्यांना पाइपाखाली आडवं पडून खालच्या बाजूला होल मारणं सोपं जातं. सेन्सर पाइपाच्या वरच्या अर्ध्यातच हवा, घड्याळात १० ते २ च्या मध्ये कुठंतरी, टोक खाली झुकलेलं. खालून लावलात तर पाइपात साचलेलं पाणी तापलेल्या सेन्सरवर येतं आणि आतली सिरॅमिक तडकते. टोक पाइपातल्या वाहत्या धुरात पूर्ण आलं पाहिजे, उंच बंगात लपून बसलं तर तिथं हवा साचून राहते.

वेल्डिंग शक्यतो पाइप उतरवून टेबलावर करून घ्या. तुमच्या गाडीत सीएनजीची टाकी आहे, गाडीवरच वेल्डिंग नको म्हणजे नको. पेट्रोलवाल्यांना अगदीच गाडीवर करायचं असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीएमचे सॉकेट काढा आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प त्याच पाइपाला, होलाच्या जवळ लावा. सेन्सर लावून वेल्डिंग करू नका, आटे वाकडे होऊ नयेत म्हणून जुना मेलेला सेन्सर घालून करतात ते ठीक. मग खरा सेन्सर घालताना फक्त आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट), टोकाला एक थेंबही लागता कामा नये, आणि ४० ते ६० न्यूटन मीटर टाइट.

वायरिंग आता. या सेन्सरच्या पोटात हीटर असतो, तो टोक साधारण ७५०-७८० डिग्रीला नेऊन ठेवतो, तेव्हाच मोजमाप होतं. सुरुवातीला हीटर दोन-तीन अँपिअर ओढतो म्हणून रेडिओच्या नाहीतर सिगारेट लायटरच्या वायरीतून लाइन काढू नका, बॅटरीवरून वेगळी जाड वायर, फ्यूज (मीटरच्या पुस्तिकेत दिलाय तोच) आणि रिले. रिलेला ट्रिगर फ्यूल पंपच्या लाइनवरून मिळाला तर उत्तम कारण मग इंजिन चालू असेल तेव्हाच हीटर चालतो. चावी फिरवून नुसते गाणी ऐकत बसलात तर थंड, ओलसर पाइपात सेन्सर लाल होत राहतो, ते त्याला मानवत नाही. याच्या उलटही तेवढंच वाईट: सेन्सर पाइपात आणि वायर काढलेली, अशी गाडी आठवडाभर चालवलीत तर थंड टोकावर काजळी बसून सेन्सर संपला. मीटर बंद ठेवायचा असेल तर सेन्सर काढून होलाला बोल्ट मारा.

सेन्सरचं सॉकेट तोडून वायर लांब-आखूड करू नका. एलएसयू ४.९ च्या सॉकेटमध्ये एक बारीक रेझिस्टर असतो, कारखान्यात त्या एका सेन्सरपुरता जुळवलेला, तो गेला की आकड्याचा भरवसा गेला. लांबी हवी तर कंपनीची एक्स्टेन्शन मागवा.

अर्थिंग बॉडीच्या गंजक्या स्क्रूवर नको, ईसीएमची अर्थ इंजिनला जिथं बसते त्याच बोल्टवर. मीटर आणि कंट्रोलर (सेन्सर चालवणारा डबा) वेगवेगळे असतील तर रात्री एक सोपी तपासणी करा: गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हेडलाइट, वायपर, ब्लोअर एकदम लावा. आकडा ०.३-०.४ नं सरकला तर मिक्श्चर नाही बदललं, तुमची अर्थिंग कच्ची आहे.

प्रश्न: मीटर बसवून घेतला, आता आकड्यांनीच डोकं फिरलंय. सकाळी स्टार्ट केल्यावर १२ च्या आसपास दाखवतो, गरम झाल्यावर १४.५ ते १४.९ मध्ये हलत राहतो, भरलेल्या गाडीनं अनमोड घाट चढताना १२.६, आणि उतारावर पाय काढला की आकडा जाऊन नुसत्या आडव्या रेघा येतात. सेन्सर गेला का? मेस्त्री म्हणतो घाटात १२.६ म्हणजे पेट्रोल वाया जातंय, १४.७ ला सेट करून देतो, ॲव्हरेज वाढेल. (एक वाचक, फोंडा)

उत्तर: तुमची गाडी एकदम ठणठणीत आहे, तिला कुणालाही सेट करू देऊ नका.

१४.७ म्हणजे एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा, वजनानं, लिटरनं नव्हे. पण पूर्ण जळणं आणि इंजिन सुखात चालणं या दोन वेगळ्या गोष्टी. थंड इंजिनात अर्धं पेट्रोल भिंतींना चिकटून राहतं, वाफच होत नाही, म्हणून ईसीएम जास्त सोडतो आणि सकाळी १२ दिसतात. गरम झाल्यावर ईसीएम आपल्या सेन्सरकडं बघत बघत मिक्श्चर थोडं रिच, थोडं लीन करत राहतो कारण कन्व्हर्टरला तसंच लागतं, म्हणून १४.७ च्या आजूबाजूला हालचाल. घाटात तुम्ही पाय पूर्ण दाबलाय, गाडी भरलेली, तिथं ताकद हवी आणि आतली उष्णताही आवरायला हवी, जास्तीचं पेट्रोल दोन्ही करतं, म्हणून पेट्रोलवर फुल लोडला १२.५ ते १३.२ हेच बरोबर. तिथं १४.७ करून मोले सोडल्यावर चढाला लागलात तर इंजिन टकटक करायला लागेल, आणि तेही वेळेत ऐकू आलं तर नशीब. पिस्टनला भोक पडल्यावर ॲव्हरेज कुणी विचारत नाही. आणि उतारावर पाय काढला की ईसीएम इंजेक्टर बंदच करतो, पाइपातून नुसती हवा जाते, मीटर काय दाखवणार? रेघा दाखवतो, काही मीटर २० किंवा २२ वर अडकतात. तो सेन्सर जिवंत असल्याची खूण समजा.

सीएनजीवर वेगळं. गॅसवर फुल लोडला आकडा १४ च्या आसपास राहिला तरी घाबरू नका, गॅसला पेट्रोलएवढं रिच लागत नाही.

आता खरी गोष्ट सांगतो जी मीटरच्या खोक्यावर लिहिलेली नसते. हा मीटर पेट्रोल मोजतच नाही, तो फक्त धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि त्याच्यावरून हिशोब करून आकडा दाखवतो. म्हणून ऑक्सिजन दुसऱ्या कुठल्या वाटेनं आला तरी तो लीनच म्हणणार. सेन्सरच्या आधी मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलंय, थंड असताना फट-फट आवाज येतो आणि गरम झाल्यावर बंद होतो, अशा गाडीत न्यूट्रलला आकडा १६-१७ येतो आणि रेस दिली की बरा होतो. किंवा एका सिलिंडरचा प्लग मेलाय. त्या सिलिंडरची हवा आणि पेट्रोल दोन्ही न जळता तसंच बाहेर पडतं, सेन्सरला त्यातली हवा दिसते, पेट्रोल दिसत नाही, मीटर म्हणतो लीन. मागं उभं राहिलं की नाकाला कच्च्या पेट्रोलचा वास येतोय, तरी आकड्यावर विश्वास ठेवून कुणीतरी अजून पेट्रोल वाढवतं आणि कन्व्हर्टर आतून वितळतो. तेव्हा लीन दिसलं की आधी गॅस्केट, मग प्लग-कॉइल, मग फ्यूल फिल्टर आणि पंपाचं प्रेशर, आणि हे सगळं ठीक असेल तरच मिक्श्चरचा विचार.

इंजेक्शनवाल्या गाडीत दुसरी एक फसगत. सरळ रस्त्यावर, समजा नव्या झुआरी पुलावरून एका वेगानं जाताना, मीटर १४.७ दाखवतोय म्हणून सगळं ठीक असं नसतं कारण ईसीएमनं मागच्या मागं दुरुस्ती केलेली असते, कुठं होस फाटून हवा जातेय आणि तो बिचारा पंधरा टक्के जास्त पेट्रोल ओतून आकडा १४.७ वर आणतोय. हे मीटरवर दिसत नाही, स्कॅनर लावून फ्यूल ट्रिम (ईसीएमनं केलेली ही दुरुस्ती किती टक्के ते) बघितलं तर दिसतं. ट्रिम उणे-अधिक दहा टक्क्यांत असेल तर ठीक, त्यापलीकडं सतत असेल तर शोधायला लागा. माझं स्पष्ट मत सांगू का, जी गाडी कंपनीतून आली तशीच आहे तिच्यासाठी आधी ब्लूटूथचा स्वस्त ओबीडी स्कॅनर घ्या, मीटर नंतर. मीटरची खरी कमाई दोनच ठिकाणी, कार्ब्युरेटरची गाडी आणि फुल लोडची चढण, जिथं ईसीएम सेन्सरकडं बघायचं सोडून आपल्या पाठ केलेल्या हिशोबानं पेट्रोल सोडतो. तिथं पेट्रोलवर आकडा १३.५ च्या वर चढायला लागला तर पाय काढा.

आणि गाडी चालवताना त्याच्याकडं बघत बसू नका. गियर बदलताना आकडा उड्या मारतो त्याला अर्थ नाही. शेजारी बसलेल्याला सांगा, एका गियरमध्ये, एका दाबावर चार-पाच सेकंद स्थिर राहिलेला आकडा वाचायचा, लिहून ठेवायचा. धूर सेन्सरपर्यंत यायलाही वेळ लागतो, त्यामुळं आता दिसतोय तो आकडा थोड्या आधीचा असतो.

प्रश्न: वडिलांच्या वेळची कार्ब्युरेटरवाली पेट्रोल पिकअप आहे, हौस म्हणून ठेवलीय, शेतातला नारळ-काजू तीच आणते. गेल्या काही वर्षांपर्यंत सरळ रस्त्यावर मीटर १३.५ दाखवायचा, आता त्याच जेटवर १४.५ च्या वर. कार्ब्युरेटर साफ केला, तरी तेच. ई२० (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मुळे असेल का? आणि मग मीटरलाही नवीन सेटिंग करावं लागतं का? (एक वाचक, पेडणे)

उत्तर: ई२० मुळंच, बहुतेक. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो त्यामुळं त्याला जळायला हवा कमी लागते, एक किलोला ९ किलोच. पेट्रोलचे १४.७ आणि इथेनॉलचे ९ असे मिसळले की ई२० ला साधारण १३.५ किलो हवा पुरते. तुमच्या कार्ब्युरेटरला यातलं काहीच माहीत नाही, तो जेटच्या भोकातून येतं तेवढंच सोडतो, म्हणजे आता हवेच्या मानानं जळण कमी पडतंय, इंजिन खरंच लीन चालतंय. इंजेक्शनवाल्यांना हे कळतही नाही कारण ईसीएम सेन्सर बघून इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो.

मीटरच्या सेटिंगला हात लावू नका. वर म्हटलं तसं तो ऑक्सिजन मोजतो. आत तो लॅम्डा काढतो, पूर्ण जळणाला जेवढी हवा लागते तेवढीच असली की लॅम्डा १, आणि मग त्याला १४.७ नं गुणून तुम्हाला ओळखीचा आकडा दाखवतो. म्हणजे टाकीत साधं पेट्रोल असो, ई२० असो की सीएनजी (ज्याला खरं तर १७.२ किलो हवा लागते), लॅम्डा १ असेल तर पेट्रोलच्या स्केलवरचा मीटर १४.७ च दाखवणार, आणि पेट्रोल-ई२० ला जुने ओळखीचे टप्पे, चढाला १२.५ ते १३.२, सपाटीला १४ च्या आसपास, तसेच लागू राहतात. ज्यांच्या मीटरवर लॅम्डाचं स्केल येतं त्यांनी तेच लावावं, पेट्रोल-ई२० वर चढाला ०.८५ ते ०.९, म्हणजे १४.७ की १३.५ ही कटकटच नको.

उपाय जेटचा. जळण साधारण आठ-नऊ टक्के जास्त हवं आणि जेटमधून येणारं जळण भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतं, म्हणून भोकाचा व्यास चारेक टक्केच वाढवायचा. जेटवरचा आकडा भोकाच्या मापाचा असेल तर १२० च्या जागी १२५. (काही कंपन्यांचे आकडे भोकाचे नसून प्रवाहाचे असतात, तिथं हा हिशोब चालत नाही, दुकानदाराला विचारा.) सुई घालून भोक मोठं करणारे कलाकार आपल्याकडं खूप आहेत, त्यांना नमस्कार करून परत या, जेट नवीनच घ्या. मग पायलट स्क्रू फिरवून न्यूट्रलचा आकडा १३.५-१४ च्या मध्ये आणून ठेवा.

जुन्या गाडीला दुसरंही बघा, पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या, पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरचं गॅस्केट, यातलं बरंच इथेनॉलसाठी बनलेलं नाही, फुगतं नाहीतर चिरतं. आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी महिने-महिने शेडमध्ये उभी करणं सोडा.

प्रश्न: माझे दोन जुने डिझेल टिपर आहेत, २०१८ च्या मार्चमध्ये खाणी बंद झाल्या तेव्हापासून बराच काळ उभेच होते, आता चिरे-रेतीच्या भाड्यावर लावलेत. त्यातला एक चढाला भयंकर काळा धूर मारतो. एएफआर मीटर लावला तर कळेल का पंप किती कमी करायचा? गाडी २४ व्होल्टची आहे. (एक वाचक, सावर्डे)

उत्तर: पैसे वाचवा. डिझेल इंजिनला पेट्रोलसारखं एक ठरलेलं मिक्श्चर नसतंच. हवा जेवढी येते तेवढी येतेच, पाय दाबला की फक्त डिझेल वाढतं. त्यामुळं न्यूट्रलला प्रमाण ६० च्याही वर असू शकतं आणि फुल लोडला २० च्या आसपास येतं, १८ च्या खाली गेलं की साधारण काळा धूर सुरू. बाजारातले बहुतेक मीटर पेट्रोलसाठी बनलेले, २० नाहीतर २२ च्या पुढं त्यांचा आकडा जात नाही, म्हणजे डिझेलवर बहुतेक वेळ ते बंद पडल्यासारखेच दिसणार, आणि काजळीनं सेन्सरही लवकर मरतो.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि उभ्या राहिलेल्या गाडीत मला आधी हवेचाच संशय येतो. एअर फिल्टर काढा, त्या पट्ट्यातली तांबडी धूळ फिल्टरमध्ये चिखलासारखी बसते. मग टर्बो ते इंटरकूलर ते मॅनिफोल्ड सगळ्या रबरी होस बघा, उभं राहून कडक होऊन क्लॅम्पखाली चिरतात, चढाला शिट्टीसारखा आवाज येतो. टर्बोच्या शाफ्टला हातानं हलवून बघा. त्यानंतर नोजल काढून तपासणी, फवारा उडतोय की धार लागतेय. पंपाला शेवटी हात लावा, तोही कॅलिब्रेशनच्या बेंचवर, सील तोडून रस्त्यावर स्क्रू फिरवून नाही.

मीटर लावायचाच असेल तर डिझेलला एक्झॉस्ट टेम्परेचरचा लावा. टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये के टाइप थर्मोकपल (उष्णता मोजणारा सेन्सर) बसवायचं, आणि चढाला ७०० डिग्रीच्या पुढं फार वेळ जाऊ द्यायचं नाही, आकडा चढला की एक गियर खाली आणि पाय हलका. टर्बोच्या नंतर बसवलंत तर लोडवर शंभर-दीडशे डिग्री तरी कमी दिसतं, तेवढं धरून चाला. सोबत बूस्टचा (टर्बोनं दाबलेल्या हवेच्या प्रेशरचा) मीटर असला की होस फुटली ते लगेच समजतं.

२४ व्होल्टचं सगळ्यांसाठीच सांगतो कारण हे सर्रास होतं. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढायचे नाहीत. ती बॅटरी कायम अर्धी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, आणि थोड्याच दिवसांत दोन्ही बदलायची वेळ येते. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा, निदान पाच अँपिअरचा. बीएस६ डिझेलवाल्यांनी तर पाइपाला होलच मारू नये, त्यात युरियाची नि फिल्टरची यंत्रणा आहे, आणि धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा नॉक्स सेन्सर ऑक्सिजनही मोजतो, चांगल्या स्कॅनरवर तो आकडा बघायला मिळू शकतो.

प्रश्न: आमची मासळीची छोटी पेट्रोल गाडी आहे, पहाटे जेटीवर आणि मग बाजारात. मीटर दिराच्या हौसेनं लावला. पण पावसाळ्यात सेन्सर मेला, नवीन घातला, तोही गेला. महाग आहेत हो. चूक गाडीत आहे की सेन्सरच वाईट येतात? (एक वाचक, काणकोण)

उत्तर: ताई, सेन्सर मारणाऱ्या सगळ्या गोष्टी तुमच्याकडं एकत्र आल्यात. थोडं थोडं अंतर, सारखं बंद-चालू, म्हणजे पाइप पूर्ण तापतच नाही, आत पाणी साचून राहतं आणि पुढच्या स्टार्टला ते तापलेल्या टोकावर उडतं. दिराला सांगा, सेन्सर पाइपाच्या वरच्या बाजूला आहे का ते आधी बघ आणि हीटरची लाइन चावीवरून काढून फ्यूल पंपच्या रिलेला घाल. दुसरं, मागच्या बर्फाचं खारट पाणी कुठं गळतंय ते बघा. सॉकेट त्याच्या वाटेत असेल तर आत हिरवं पडतं, ते वर केबिनखाली कोरड्या जागी बांधा. पण सॉकेटात ग्रीस कोंबू नका, बऱ्याच सेन्सरना बाहेरची स्वच्छ हवा वायरींच्या आतूनच लागते, ती वाट बुजली की आकडा चुकतो. साचलेल्या पाण्यातून जोरात गाडी घालणं टाळा, तापलेल्या सेन्सरवर बाहेरून गार पाणी पडलं तरी तो तडकतो.

आणि हे सगळं ठीक असूनही तिसरा गेला तर इंजिनात बघा: रेडिएटरचं कूलंट कमी होतंय का? ऑइल खातेय का? हेड गॅस्केटमधून कूलंट जळत असेल तर सेन्सरवर पांढरट थर बसतो आणि त्याला इलाज नाही. कुणी मॅनिफोल्डच्या आसपास साधं सिलिकॉन फासलं असेल तर तेही सेन्सरला विषच, ट्यूबवर सेन्सर सेफ लिहिलेलंच वापरायचं.

प्रश्न: मीटर न्यूट्रलला आणि रेसवर व्यवस्थित १४.७ दाखवतो, तरी पीयूसीवाला म्हणतो लॅम्डा जास्त येतोय, पास होत नाही. कुणाचं मशीन खोटं? (एक वाचक, वास्को)

उत्तर: कदाचित दोन्ही खरी. तुमचा सेन्सर इंजिनाजवळ आहे, पीयूसीची नळी सायलेन्सरच्या शेपटात. दोघांच्या मध्ये कुठं सायलेन्सर सडला असेल, आणि वास्कोच्या खाऱ्या हवेत तो सडतोच, तर त्या भोकातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मागं ऑक्सिजन जास्त दिसतो. बीएस४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना २५०० च्या आसपास आरपीएमवर लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये लागतो, म्हणजे थोडं लीक झालं तरी नापास. गाडी चालू ठेवून शेपटावर जाड ओलं फडकं क्षणभर दाबा, फसफस कुठून येते ते ऐका, मफलरच्या जोडाला आणि खालच्या शिवणीला आधी. पॅच मारून घ्या, इंजिन चांगलं गरम करून मगच परत जा, आणि नळी पाइपात पुरेशी आतपर्यंत घालायला सांगा.